क्रूगरचं रान, ओजिब्वेंची गोष्ट: लिहायची कुणी?

सायली_सेंटपॉल

परवा 'सध्या काय वाचताय' या धाग्यावर मी विल्यम केंट क्रूगर या अमेरिकी लेखकाच्या कॉर्क ओ'कॉनर या रहस्यकथा-मालिकेचं नाव घेतलं. मिनेसोटातल्या ओजिब्वे या आदिवासी जमातीच्या आसपास ती घडते. त्याखाली निळावंती यांनी लिहिलं: "गोऱ्या माणसाने रंगवलेला शहाणा इंडियन म्हातारा आणि जंगलातले साक्षात्कार. ओजिब्वे समजून घ्यायचे तर ओजिब्वेंनी लिहिलेलं वाचा, बाकी सगळं पर्यटन." बघता बघता त्यावर +१ ची रांग लागली. दोन दिवस ते डोक्यातून जाईना, म्हणून वेगळा धागा काढतेय.

मी जानेवारी २०१३ मध्ये पुण्याहून थेट मिनेसोटातल्या सेंट पॉलला आले. उणे पंचवीस. नवरा कामावर गेला की दिवसभर खिडकीतून रस्ता साफ करणारा नांगर बघत बसायचं. शेजारच्या आजींनी एक जाडसर पुस्तक हातात ठेवलं, 'आयर्न लेक'. १९९८ चं, क्रूगरचं पहिलं. बर्फाच्या वादळात एक पोरगा पेपर टाकायला निघतो, एका न्यायाधीशाच्या घरी पोचतो आणि मग बेपत्ता होतो. त्याला शोधायला निघतो कॉर्क: बाप आयरिश, आईकडून ओजिब्वे रक्त, शेरीफपद (निवडून आलेल्या पोलीसप्रमुखाचं) गेलेलं, बायकोपासून वेगळा राहणारा, तळ्याकाठच्या पत्र्याच्या खोपटात बर्गर विकून दिवस काढणारा. दोन दिवसांत वाचून संपवलं. बाहेर पडणारा तोच बर्फ पानांतही पडत होता. या प्रदेशात माणसं कशी जगतात हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं.

आणखी एक गोष्ट झाली. उत्तरेला जाताना हायवेवर रिझर्व्हेशनची, म्हणजे ओजिब्वेंसाठी राखलेल्या जमिनीची, पाटी लागते. माझ्या लेखी ती तोवर कॅसिनोची पाटी होती. पुस्तक वाचल्यावर मी विचारायला लागले: इथे पोलीस कुणाचे? तळं कुणाचं? या लोकांना इंडियन म्हणायचं, चिपेवा, ओजिब्वे की अनिशिनाबे? हे प्रश्न मला एका रहस्यकथेने दिले. ती गोऱ्या माणसाने लिहिली आहे हे खरं. तो ओजिब्वे नाही, आणि त्याने ते कधी लपवलेलंही नाही. पण ही मालिका ओजिब्वेंच्या वतीने बोलतच नाही. गोरे आणि ओजिब्वे एकाच तळ्याच्या दोन काठांवर राहतात, एकाच शाळेत पोरं घालतात, एकमेकांशी सोयरीक करतात आणि तरीही एकमेकांवर विश्वास ठेवत नाहीत, त्याची ही गोष्ट आहे. कॉर्क दोन्हीकडे अर्धामुर्धा. ती गोष्ट सांगायचा हक्क एकाच काठाला आहे का?

वीस-एकवीस पुस्तकं झाली आहेत. सगळी सारखी चांगली नाहीत. पण "बाकी सगळं पर्यटन" म्हणून एका फटक्यात उडवून द्यावीत अशी तर मुळीच नाहीत.

निळावंती

सायली, राग समजला. मी तीन पुस्तकं वाचली आहेत: 'आयर्न लेक', 'थंडर बे' आणि 'विंडिगो आयलंड'. न वाचता बोलायची मला सवय नाही.

माझं दुखणं हेन्री मेलू आहे. प्रत्येक पुस्तकात एक वेळ अशी येते की कॉर्कची वाट खुंटते. मग तो क्रो पॉइंटवरच्या झोपडीत जातो, तंबाखू देतो, म्हातारा दोन कोड्यात बोलतो आणि कथा पुढे सरकते. मेलू मिडे आहे, म्हणजे त्यांच्या वैद्यक-परंपरेतला दीक्षित माणूस. एवढ्या जुन्या परंपरेचं काम काय, तर नायकाला पुढचा दुवा पुरवणं! तुम्हाला त्यात शहाणपण दिसतं. मला त्यात एका समाजाला सोयीपुरतं वापरून घेणं दिसतं.

मी नाशिक जिल्ह्यात आदिवासी मुलांना मराठी शिकवते. काही वर्षांपूर्वी एक लेखक आमच्या पाड्यावर आठवडाभर राहिले. आमच्या एका विद्यार्थ्याच्या आजोबांना त्यांनी गोष्टीत घेतलं. आजोबांनी बोहाड्यातल्या सोंगाबद्दल विश्वासाने सांगितलेलं, जे बाहेर सांगायचं नसतं तेही, सगळं छापून आलं. वर त्यांच्या तोंडी अशी भाषा घातली की मुलं वर्गात मान खाली घालून बसली. त्या मुलाने मला एकच प्रश्न विचारला: "बाई, आजोबा असं बोलत नाहीत. मग हे कोण बोललं?" त्या दिवसापासून शहाणा आदिवासी म्हातारा पानावर आला की मी सावध होते. भाषा मराठी असो, इंग्रजी असो.

आणि पर्याय नाहीत असंही नाही. मार्सी रेंडन व्हाइट अर्थ रिझर्व्हेशनची, म्हणजे मिनेसोटाचीच ओजिब्वे. तिची कॅश ब्लॅकबेअर १९७० च्या दशकात रेड रिव्हरच्या खोऱ्यात बिटाचे ट्रक हाकते, बिलियर्ड्स खेळून पैसे जिंकते, परक्या घरांमधून फेकली जात मोठी झालेली एकोणीस वर्षांची पोरगी. अँजेलिन बुली आहे. लुईझ अर्डरिक आहे, जिचं पुस्तकांचं दुकान तुमच्या मिनीयापोलिसमध्येच आहे. तिथे जाऊन उभ्या राहा आणि विचारा, आधी काय वाचू?

गिरीश_डोंबिवली

मी या मालिकेची सात पुस्तकं लोकलमध्ये उभ्याने वाचली आहेत. रहस्यकथा म्हणून वाचली. खून कुणी केला, का केला, लेखकाने फसवलं की न्याय केला, एवढंच मला हवं असतं. हल्ली प्रत्येक रहस्यकथेवर समाजशास्त्राची झूल चढवायची पद्धत पडली आहे. क्रूगरला रहस्यकथांचे अँथनी पुरस्कार मिळाले, २०१४ मध्ये 'ऑर्डिनरी ग्रेस'ला एडगर मिळाला. ('ऑर्डिनरी ग्रेस' या मालिकेतलं नाही, पण त्याचं सर्वांत उत्तम पुस्तक तेच.) हे पुरस्कार रचनेसाठी मिळतात, वंशासाठी नाही. कथा कशी बांधली आहे त्यावर कुणी बोलणार आहे का?

रानवाटा

कथेच्या बांधणीवर तुम्ही बोला, मी रानावर बोलतो. माझ्या लेखी ही पुस्तकं तिथेच जिंकतात.

मिनेसोटाच्या उत्तरेच्या बाउंडरी वॉटर्स या रानात मी सहा वेळा गेलोय. दहा लाख एकरांच्या वर पसारा, हजाराहून जास्त तळी, बहुतेकांवर मोटरबोटीला बंदी. एका तळ्यातून दुसऱ्यात जायचं तर कनू, म्हणजे हलकी होडी, डोक्यावर उलटी घेऊन चालायचं. ते अंतर तिथे रॉडमध्ये मोजतात, एक रॉड साडेसोळा फूट, म्हणजे साधारण एका कनूची लांबी. नकाशावर '१८०' वाचून पहिल्यांदा मी हसलो होतो. चिखल, डास आणि खांद्यात रुतणारं लाकूड घेऊन १८० रॉड चाललो आणि त्यानंतर कधी हसलो नाही. काचेच्या बाटल्या आणि पत्र्याचे डबे आत न्यायला मनाई आहे. आईने कोल्हापूरहून पाठवलेली लोणच्याची बरणी मला ईली गावच्या वाहनतळावर गाडीतच ठेवावी लागली, आणि पाच दिवस नुसत्या वरणभातावर काढले. तिसऱ्या रात्री लून हा पाणपक्षी ओरडला. तो आवाज आधी ऐकलेला नसेल तर माणूस उठून बसतो. क्रूगरच्या पुस्तकात तो आवाज जिथे यायला हवा तिथेच येतो. खरंच त्या पाण्यावर रात्र काढलेल्या माणसालाच ते जमतं.

माझी तक्रार वेगळी आहे. त्याची अरोरा, टॅमरॅक काउंटी, आयर्न लेक रिझर्व्हेशन हे सगळं काल्पनिक. खरी अरोरा नावाची वस्ती आयर्न रेंज या लोखंडखाणींच्या पट्ट्यात आहे. मी बायकोला घेऊन मुद्दाम गेलो, तर खाणीचं गाव. ना ते तळं, ना बर्गरचं खोपटं. काल्पनिक गाव हवं तर नावही काल्पनिक घ्यावं!

आणि निळावंतींच्या बाजूने एक. हे रान 'अस्पर्श' आहे असं सगळे म्हणतात. १९६४ च्या रानसंरक्षण कायद्याच्या व्याख्येत माणूस तिथे फक्त पाहुणा आहे. तो पाहुणा कोण? अमेरिकी सरकारशी झालेल्या १८५४ च्या तहात हा सगळा प्रदेश ओजिब्वेंनी दिला तो शिकार, मासेमारी आणि रानतांदूळ गोळा करायचा हक्क राखून. ते तिथे पाहुणे नव्हतेच. क्रूगरला हे कळतं, पण त्याच्या नदी-डोंगराच्या वर्णनात कधी कधी तोही विसरतो.

विलास_डी

हक्काचा विषय निघालाच आहे तर आता मीही बोलतो. वीस वर्षं गप्प बसलोय.

मिनेसोटातल्या मिल लॅक्स तळ्याच्या काठी १९९६ साली मी छोटी केबिन घेतली. सगळी शिल्लक त्यात घातली. मुलांना वॉलाय मासा पकडायला तिथे शिकवलं. आज काय परिस्थिती आहे? आम्हाला परवाना काढावा लागतो, मोसम मे महिन्यात सुरू होतो, मासा इतक्या इंचांचा असेल तरच ठेवायचा. २०१५ मध्ये ऐन ऑगस्टमध्ये मोसम बंद केला. माझा नातू भारतातून आला होता, गळ हातात घेऊन धक्क्यावर उभा राहिला आणि मी त्याला सांगितलं, बाळा, पकडायची परवानगी नाही. त्याच तळ्यात एप्रिलमध्ये, माशांच्या अंडी घालायच्या दिवसांत, बँडचे, म्हणजे ओजिब्वेंच्या टोळ्यांचे, लोक जाळी टाकतात. एकाच तळ्यात दोन कायदे कसे? मी कर भरतो, नियम पाळतो. या पुस्तकांत मासेमारीवर आक्षेप घेणारा प्रत्येक गोरा माणूस दारुडा नाही तर वंशद्वेष्टा असतो असं माझी मुलगी सांगते. म्हणून मी ती हातात घेतलेली नाहीत.

ऋता_वकील

विलासकाका, आदर ठेवून सांगते, तुमच्या प्रतिसादात दोन गोष्टी एकत्र झाल्यात, हक्क आणि कमी झालेले मासे. त्यातली हक्काची कोर्टात निकालात निघालेली आहे.

बँडना ही 'सवलत' कुणी दिलेली नाही. १८३७ च्या तहात त्यांनी जमीन दिली आणि हा हक्क स्वतःकडे ठेवला. घर विकताना विहिरीचं पाणी राखून ठेवावं तसं. १८५० मध्ये राष्ट्राध्यक्ष टेलरने हुकूम काढला की हक्क रद्द, निघा इथून. १८५८ मध्ये मिनेसोटा राज्य झालं. राज्याचं म्हणणं होतं की या दोहोंमुळे हक्क संपला. मार्च १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं, संपला नाही.

आणि २०१५ चे आकडे काढाच. त्या वर्षी तळ्यातून ४०,००० पौंड वॉलाय काढायची मुभा होती. त्यातले २८,६०० राज्याच्या परवानाधारकांचे, ११,४०० सगळ्या बँडचे मिळून. ऑगस्टमध्ये मोसम बंद झाला तो राज्याच्या लोकांनी स्वतःचा वाटा ओलांडला म्हणून. तळ्यात मासे कमी झाले त्याचं मुख्य कारण असं की पिल्लं मोठी होईपर्यंत जगत नाहीत. झेब्रा शिंपले आले, पाणी निवळलं, तापलं. तुमच्या नातवाचा मासा बँडने नेलेला नाही.

विलास_डी

कोर्टात चार न्यायाधीश माझ्या बाजूचे होते हेही लिहा की. आणि आकडे मला शिकवू नका. तुम्ही राहता कुठे? शिकागो! एप्रिलमध्ये त्या काठावर एकदा येऊन उभ्या राहा. आमच्या गावात दोन रिसॉर्ट बंद पडले, आमिष विकणारा म्हातारा मुलीकडे राहायला गेला. त्याचा हक्क कुठल्या तहात लिहिलाय?

सायली_सेंटपॉल

आमिषवाल्या म्हाताऱ्याबद्दल वाईट वाटतं, खरंच वाटतं. पण विलासकाका, १८५० चा तो हुकूम निघाल्यावर काय झालं ते ऐका. तहाचे पैसे आणि धान्य वाटायची जागा ला पॉइंटहून हलवून मुद्दाम सँडी लेकला नेली. लोकांना तिकडे ओढायचं आणि परत जाऊ द्यायचं नाही, हा बेत. हजारो लोक ऐन शरदात आले. वाटणारा वेळेवर आलाच नाही. सडकं पीठ, गोवर, हगवण. थांबून मेले, आणि परतीच्या बर्फात चालताना मेले. सुमारे ४०० माणसं. तुमच्या तळ्यापासून ती जागा गाडीने फार लांब नाही. मी गेलेय. हायवेलगत एक दगड आहे, त्याच्या पायाशी कुणीतरी तंबाखूची चिमूट ठेवली होती. ती ओली झाली होती.

एकाच तळ्यात दोन कायदे कसे म्हणून विचारता, तर त्याचं उत्तर तिथे आहे.

विलास_डी

१८५० मध्ये माझे पणजोबा सातारा जिल्ह्यात दुसऱ्याच्या शेतावर राबत होते. त्या पापाचा हिशेब माझ्याकडे का मागता? माझी केबिन कष्टाच्या पैशाची आहे.

निळावंती

कष्टाची आहे हे मान्य. ज्याने तुम्हाला विकली त्याला ती कुणाकडून मिळाली, एवढंच विचारून बघा. आणि एक सांगा, आमच्या शेजारच्या तालुक्यात धरण झालं तेव्हा बुडालेल्या पाड्यांना मासेमारीचा ठेका मिळाला नाही, बाहेरच्या माणसाला मिळाला. तेव्हाही लोक हेच म्हणाले: नियम सगळ्यांना सारखा, लिलावात बोली लावा. बोली लावायला पैसे कुणाकडे होते? ज्याचं सगळं आधीच गेलंय त्याला सारख्या नियमाने काहीच परत मिळत नाही, काका!

गिरीश_डोंबिवली

अहो, मासे आवरा. रहस्यकथांचा धागा आहे हा.

ऋता_वकील

गिरीश, मासे काढले तर तुमची रहस्यकथाच उरत नाही! कॉर्कचं शेरीफपद का गेलं, आठवा. मासेमारीच्या हक्कावरून बोटी उतरवायच्या धक्क्यावर तणाव, दोन्हीकडचे लोक जमलेले, त्यात सॅम विंटर मून मारला जातो, कॉर्क गोळ्या झाडतो आणि मतदार त्याला घरी बसवतात. ज्या खोपटात तो बर्गर विकतो ते त्या सॅमचंच. पहिल्या पानापासून तो जी अपराधी भावना वागवतोय ती या मासेमारीतूनच आलेली आहे. पुस्तक १९९८ चं, सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १९९९ चा. म्हणजे खटला चालू असताना, राज्य तापलेलं असताना हे लिहिलं गेलं. त्याआधी विस्कॉन्सिनमध्ये ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस धक्क्यांवर दगड फेकले जात होते, भाल्याने मासे पकडणाऱ्या ओजिब्वेंना मारा अशा पाट्या घेऊन लोक उभे राहत होते.

कायद्याचंही तसंच. १९५३ च्या पब्लिक लॉ २८० मुळे मिनेसोटातल्या रिझर्व्हेशनांवर गुन्ह्यांचा अधिकार राज्याकडे गेला, रेड लेक तेवढं वगळलं. म्हणून काउंटीचा शेरीफ रिझर्व्हेशनवर जाऊ शकतो. दुसऱ्या कित्येक राज्यांत तिथे एफबीआय येते. आणि १९७८ च्या ओलिफंट निकालानंतर बाहेरच्या माणसाने रिझर्व्हेशनवर गुन्हा केला तर तिथल्या कोर्टाला त्याच्यावर खटलाच चालवता येईना. २०१३ नंतर काही गुन्ह्यांपुरती वाट झाली. तपास कुणी करायचा, साक्षीदार कुणाशी बोलेल, दार कुणाला उघडेल, हे सगळं यावर ठरतं. तुम्ही ज्याला समाजशास्त्राची झूल म्हणता तो या कथेचा कणा आहे.

गिरीश_डोंबिवली

सात पुस्तकं वाचली, पण शेरीफ रिझर्व्हेशनवर कुठल्या अधिकाराने जातो हा प्रश्न मला पडला नव्हता. तेवढं मान्य. तरी 'मॅनिटू कॅन्यन'पर्यंत येता येता कोडी सैल होतात हे माझं मत कायम.

मीनल_आयोवा

वर रानतांदळाचा उल्लेख आला म्हणून विचारते. इथल्या दुकानातून काळा चकचकीत वाइल्ड राइस आणला, तास झाला तरी शिजेना, खिचडी अक्षरशः फेकून दिली. या पुस्तकांत तर सगळे आवडीने खातात. माझं काय चुकलं?

रानवाटा

तुमचं काही चुकलं नाही, तांदूळच दुसरा होता. काळा चकचकीत असतो तो शेतात पेरून यंत्राने कापलेला. मिनेसोटात त्याच्या पाकिटावर तसं छापावं लागतं. खरा, ज्याला ते मनूमिन म्हणतात, तो तळ्यातून नावेत बसून काढतात. एकजण उभा राहून लांब काठीने नाव ढकलतो, दुसरा बसून एका हलक्या काठीने कणसं नावेवर वाकवतो आणि दुसरीने थोपटतो. झोडपायचं नाही. पिकलेला दाणा तेवढ्यावर पडतो, कच्चा राहतो, काही पाण्यात पडून पुढच्या वर्षी उगवतो. मग वाळवायचा, लोखंडी कढईत वल्ह्याने हलवत भाजायचा, मऊ चामड्याच्या जोड्यांनी तुडवायचा, पाखडायचा. मी एकदा व्हाइट अर्थजवळ रस्त्याकडेला एका बाईंकडून घेतला. राखाडी-तपकिरी, लाह्यांसारखा धुराचा वास. अर्ध्या तासाच्या आत फुलला. नुसतं मीठ आणि तूप घातलं, बाकी काही लागलं नाही.

आणि या दाण्याला सल्फेट सोसत नाही. म्हणून १९७३ पासून राज्यात नियम आहे, रानतांदूळ उगवतो त्या पाण्यात लिटरला १० मिलिग्रॅमच्या वर नको. नियम कागदावर, खाणी जमिनीवर. याच्यावर क्रूगरने अख्खं पुस्तक लिहायला हवं.

निळावंती

रानवाटा, "थोपटायचं, झोडपायचं नाही" हे ज्याने केलंय तोच लिहितो. अशी वाक्यं मला ओजिब्वे लेखकांकडे मिळतात. क्रूगरकडे भात येतो तो वाफाळत्या वाडग्यात.

सायली_सेंटपॉल

निळावंती, आता मेलूवर बोलते, कारण तो मुद्दा सोडून आपण तळ्यात उतरलो.

तुमच्या मुद्द्यातलं खरं आहे ते मान्य करते. मधल्या काही पुस्तकांत मेलू चावी फिरवल्यासारखा येतो. मलाही तेव्हा कंटाळा आला. पण 'थंडर बे' तुम्ही वाचलंय म्हणता. त्यात म्हातारा आजारी पडतो आणि कॉर्कला म्हणतो, माझा मुलगा शोध. ज्याला आपण डोंगरासारखा स्थिर समजत होतो त्याला तरुणपण होतं, प्रेम होतं, त्याने चुका केल्या होत्या, आणि एक मुलगा होता ज्याला त्याने कधी पाहिलं नाही. पुस्तकाचा मधला मोठा भाग त्याच्या तरुणपणात आहे. तिथे तो कुणाला दुवा पुरवत नाही, तो स्वतःच प्रश्न घेऊन उभा आहे. सोयीच्या म्हाताऱ्यासाठी कुणी एवढं करत नाही.

आणि कॅश ब्लॅकबेअरलाही स्वप्नं पडतात हो! मृत माणसं तिला दिसतात, त्यातून तिला दुवे मिळतात. रेंडनने लिहिलं की परंपरा आणि क्रूगरने लिहिलं की पर्यटन, हे मला पटत नाही.

निळावंती

कॅशला स्वप्न पडतं तेव्हा ती त्याने थकते. बिअर पिते, ट्रक काढते, कुणाला सांगत नाही. ते तिचं ओझं आहे. कॉर्कला दृष्टान्त होतो तेव्हा वाचकाला बक्षीस मिळाल्यासारखं वाटतं. फरक तिथे आहे. आणि कॅशच्या पाठीशी जे आहे, आयांच्या हातून काढून घेऊन परक्या घरी दिलेली मुलं, ती रेंडनने ग्रंथालयात शोधलेली नाहीत. त्या मुलांसाठी वेगळा कायदा यायला १९७८ उजाडावं लागलं, आणि तो टिकवायला २०२३ मध्ये पुन्हा सर्वोच्च न्यायालयात लढावं लागलं.

'थंडर बे'चं म्हणाल तर... हो. तो मधला भाग मला आवडला होता. मी ते परवा लिहिलं नाही, लिहायला हवं होतं. 'विंडिगो आयलंड'मध्येही, डुलुथच्या बंदरात विकल्या जाणाऱ्या मुलींबद्दल त्याने २०१४ मध्ये लिहिलं. बेपत्ता आदिवासी स्त्रियांसाठी राज्याने कार्यालय उघडलं ते त्यानंतर, २०२१ चा कायदा झाल्यावर. तेवढं श्रेय त्याला देते. पण "बाकी सगळं पर्यटन" हे वाक्य मी पूर्ण मागे घेणार नाही. 'सगळं' हा शब्द काढते, बास.

सायली_सेंटपॉल

तो एक शब्द काढावा म्हणूनच मी दोन दिवस जागी होते.

माझ्याकडूनही सांगते. त्या दुकानात मी तीनदा गेलेय आणि तीनही वेळा क्रूगरचंच पुस्तक शोधलं. कॅशचं पहिलं पुस्तक मी वाचलं ते त्यानंतर चार वर्षांनी. दार त्याने उघडलं हे खरं, पण मी त्या दारातच फार वेळ उभी राहिले. ही चूक माझी आहे, त्याची नाही.

विलास_डी

चार दिवसांनी लिहितोय. मुलीकडून 'आयर्न लेक' आणलं. निम्म्यापर्यंत आलोय.

माझं मत बदललेलं नाही. जाळी वसंतात टाकू नयेत, अंडी घालायच्या वेळी तर नाहीच. हे मी मरेपर्यंत म्हणणार. ऋताने दिलेला आकडा मात्र मी तपासला, तो बरोबर आहे.

पुस्तकातला तो धक्क्यावरचा प्रसंग वाचला. मग जे इथे लिहायचं नव्हतं तेच लिहितोय. निकालानंतरचाच एक वसंत. बर्फ फुटून दोन दिवस झाले होते, पहाटे पाचची वेळ. मी धक्क्याच्या वर, गाडीतच होतो. खाली एक म्हातारा जाळं ओढत होता, सोबत एक मुलगा. हातमोजे नव्हते. जाळ्यातून मासा सोडवायला बोटं उघडी लागतात, मोज्यांनी जमत नाही. म्हातारा एकेक मासा सोडवायचा, मुलगा प्लास्टिकच्या टबात ठेवायचा आणि हात काखेत घालून ऊब घ्यायचा, की परत पुढचा. वर आमच्यातले चार-पाच जण उभे होते. एक जण ओरडायला लागला. काय ओरडला ते इथे लिहिता येणार नाही. म्हाताऱ्याने वर पाहिलंच नाही. मुलाने पाहिलं. सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं, माझ्या गाडीकडेही.

मी काच खाली केली नाही. ओरडलोही नाही, आणि ओरडणाऱ्याला गप्पही केलं नाही. हीटर चालू होता. थोड्या वेळाने गाडी काढून केबिनवर आलो. बायकोला सांगितलं, आज मासे लागत नाहीत.

निळावंती

काका, तो मुलगा केवढा होता?

विलास_डी

आठ-नऊ वर्षांचा. माझ्या नातवाएवढा.